एकांताची सामायिक मिळकत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर एका नगरवाचनालयाचे ग्रंथपाल होते; आणि गावाच्या मनाची जेवढी माहिती ग्रंथपालाला असते तेवढी फौजदाराला किंवा मामलेदारालाही नसते, हे ज्याने देवघेवीची वही एकदा जरी चाळली असेल त्याला निराळे सांगावयास नको. कोणत्या घरात क्षयरोगावरचे पुस्तक महिनाभर अडकून पडले आहे, कोणते प्रतिष्ठित वकील चोरून रहस्यकथा नेतात, कोणती सासुरवाशीण घटस्फोटाच्या कायद्याचे पुस्तक मैत्रिणीच्या नावावर मागवते, हे सारे त्या वहीत असते. आणि तरीही त्याचा गावात बोभाटा होत नाही, कारण ज्याच्या ताब्यात वही असते तो मनुष्य तो होऊ देत नाही. आज आपले बहुतेक वाचन मोबाइलच्या पडद्यावर होते. त्याचीही वही लिहिली जाते. ती कोण लिहितो, ती कोणाच्या दप्तरी जमा होते, आणि तिच्यापासून आपला एकांत राखण्यास काय करता येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

माझे प्रतिपादन आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढील तपशिलात ते हरवणार नाही. एकांत ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, ज्याला हवा त्याने तो राखावा आणि ज्याला नको त्याने सोडावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इंटरनेटवर ही समजूत टिकत नाही. तेथे एकांत ही सामायिक मिळकत आहे. एका हिस्सेदाराने आपला वाटा फुंकून टाकला की इतरांच्या वाट्यालाही तोशीस लागते, आणि एकाने तो राखला की त्याचा आसरा ज्याला तो ओळखतही नाही अशा माणसाला मिळतो.

प्रथम वही कशी लिहिली जाते ते पाहू. रात्रीची जेवणे आटोपल्यावर एखादे गृहस्थ मोबाइलवर मधुमेहाविषयीचा लेख उघडतात असे धरा. त्या संकेतस्थळाचे नाव संगणकाला कळणाऱ्या अंकांत कोणते, हा प्रश्न मोबाइल प्रथम विचारतो, आणि बहुतेक घरांतून हा प्रश्न इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडेच, तोही उघडा, जातो. नंतर प्रत्यक्ष मागणी रवाना होते. तिच्यासोबत गृहस्थांचा आयपी पत्ता जाणे अपरिहार्य असते, कारण त्याशिवाय उत्तर परत कोठे पाठवावयाचे हे पलीकडच्या सर्व्हरला कळणार नाही. मधला मजकूर आता बहुतेक ठिकाणी कूटबद्ध असतो, म्हणून कोणता लेख उघडला हे वाटेतल्या कंपनीला दिसत नाही. पण कोणत्या संकेतस्थळाशी आपण बोललो हे तिला सामान्यतः दिसते. लेख पडद्यावर येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्याच्याबरोबर जाहिरातींचे, वाचकगणनेचे, समाजमाध्यमांच्या बटणांचे असे परक्या कंपन्यांचे अनेक तुकडे येतात, आणि प्रत्येक तुकडा वाचकाच्या यंत्रावर आपली खूण ठेवू पाहतो.

या खुणेला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या तरुण अभियंत्याने ती १९९४ साली योजिली तेव्हा हेतू अगदी निरुपद्रवी होता: दुकानाच्या संकेतस्थळावर गिऱ्हाइकाने एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेल्यावर विसरली जाऊ नये, एवढाच. पण एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा हजारो संकेतस्थळांवर बसला म्हणजे तीच खूण तिला सर्वत्र दिसते, आणि सकाळी वर्तमानपत्र वाचणारा, दुपारी कर्जाचे व्याज पाहणारा व रात्री मधुमेहाची पथ्ये शोधणारा मनुष्य एकच आहे हे तिला नाव न विचारता कळते. त्याहून चमत्कारिक प्रकार पुढेच आहे. पानावरची जाहिरातीची रिकामी जागा अनेकदा पान उघडता उघडता, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत, लिलावात निघते. वाचकाचे वर्णन अनेक बोलीदारांपुढे ठेवले जाते, जागा एकाला मिळते, आणि ज्यांची बोली हुकली त्यांनीही ते वर्णन पाहिलेले असते. ब्राउझरची ‘खाजगी खिडकी’ उघडली म्हणजे यातून सुटका होते असे पुष्कळांना वाटते. ती खिडकी बंद करताना आपल्याच यंत्रावरील इतिहास तेवढा पुसला जातो, घरातल्या दुसऱ्या माणसापासून तेवढे संरक्षण मिळते, बाहेरच्या वह्या जशाच्या तशा राहतात. याच गैरसमजावरून गूगलविरुद्ध अमेरिकेत २०२० साली दावा दाखल झाला, आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने अशा खिडक्यांतून गोळा झालेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे कबूल केले.

यावर कोणी म्हणेल की यातील एकेक नोंद क्षुल्लक आहे, आणि ते म्हणणे खरे आहे. आपल्या जुन्या गावातही वैद्याला दुखणे ठाऊक असे, सावकाराला कर्ज, आणि टपालवाल्याला पत्रे कोठून येतात ते. पण या तिघांच्या वह्या रोज रात्री एका जागी बसून कोणी ताडून पाहत नसे. जुन्या गावाचे मला मुळीच कौतुक करावयाचे नाही. ज्यांना गावाने जातीवरून ओळखले आणि त्या ओळखीवरून पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांना मुंबईच्या गर्दीत ‘हा कोण’ हे कोणी न विचारणे हाच मोठा दिलासा वाटला असेल. मुद्दा एवढाच की विखुरलेल्या माहितीत जो धोका नव्हता तो जुळवणीत उत्पन्न होतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या वैद्यकीय नोंदी, नावे गाळून, अभ्यासकांना देण्यात आल्या होत्या. लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने त्या नोंदींतील जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक या तीन बाबी मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद हुडकून काढली. पुढे तिने केलेल्या गणिताप्रमाणे त्या देशातील शेकडा ८७ लोक एवढ्या तीन बाबींवरून वेगळे ओळखू येण्याजोगे होते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांचे तीन महिन्यांतील दोन कोटी शोध जाहीर केले तेव्हा हाच अनुभव अधिक करुण रूपाने आला. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. परंतु ४४१७७४९ या क्रमांकाने बोटे बधिर होण्याची तक्रार शोधली होती, एका विशिष्ट गावातील बागकाम करणारे शोधले होते, एका आडनावाची माणसे शोधली होती, आणि एवढ्यावरून न्यू यॉर्क टाइम्सचे वार्ताहर जॉर्जिया राज्यातील एका वृद्ध विधवेच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या बाईंनी आपले नाव कोठेही लिहिले नव्हते. त्यांच्या प्रश्नांनीच त्यांचे नाव सांगितले.

कुकी पुसून टाकल्या तरी ओळख पुसली जात नाही, हे आणखी एक संकट आहे. ब्राउझरची आवृत्ती, पडद्याची लांबीरुंदी, बसवलेले टंक, घड्याळाचा प्रदेश, पसंतीची भाषा अशा बारीकसारीक बाबी प्रत्येक संकेतस्थळाला विचारल्याबरोबर मिळतात. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, तेव्हा शेकडा ८३ हून अधिक ब्राउझर अशा गुणांच्या मिश्रणात त्या साऱ्या समुदायात एकमेव ठरले. यातील पसंतीच्या भाषेची बाब आपल्याशी निगडित आहे. ज्याने आपल्या यंत्रात मराठीला अग्रक्रम दिला आहे त्याचा ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला ‘मराठी असल्यास मराठीत द्यावे’ अशी विनंती न सांगता करीत असतो. पुण्यात किंवा नागपुरात ही विनंती करणारे पुष्कळ सापडतील. पण नॉर्वेतील एखाद्या लहान गावात ती करणारा बहुधा एकटाच असेल, आणि मातृभाषेवरील प्रेम हीच त्याची ओळखपरेड ठरेल. निनावीपणासाठी तयार केलेला टॉर ब्राउझर इंग्रजीखेरीज अन्य भाषेच्या वाचकाला विचारतो की, अधिक गोपनीयतेसाठी पाने इंग्रजीतून मागवू काय? भाषा लहान तितकी तिच्या गर्दीची आडोसा देण्याची शक्ती कमी, हा त्या प्रश्नाचा अर्थ आहे, आणि तो मराठी माणसाने कटू वाटला तरी समजून घेतला पाहिजे.

येथवर आपण पाहिले ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्यांविषयी होते. आता आपण स्वतः दुसऱ्यांविषयी काय देऊन टाकतो ते पाहू. एखादे ॲप मोबाइलमधील क्रमांकांची यादी पाहण्याची मुभा मागते आणि आपण ती एका बोटाने देतो. त्या यादीत आपले डॉक्टर असतात, वकील असतात, नांदत्या घरातून निघून आलेली आणि नवा क्रमांक फक्त चारच माणसांना दिलेली एखादी बहीणही असते. तिची संमती कोणी घेतली? २०१८ साली फेसबुकवरील एका ॲपमार्फत लोकांची माहिती गोळा झाल्याचे केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण उघडकीस आले त्या वेळी फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे भारतात संबंधित ॲप अवघ्या ३३५ जणांनी घेतले होते, आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या साखळीने ज्यांची माहिती उघडी पडली असण्याचा संभव होता त्यांची संख्या ५ लाख ६२ हजारांवर गेली. मिळकत सामायिक आहे असे मी म्हणतो त्याचा पुरावा यापेक्षा स्वच्छ मिळणे कठीण.

कायद्याने या मिळकतीचा विचार कसा केला आहे? १९४७ साली संविधान सभेच्या मूलभूत हक्कांच्या उपसमितीपुढे जे मसुदे आले त्यांत कन्हैयालाल मुनशींनी पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क घातला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण मागितले होते. उपसमितीने हे दोन्ही मान्य केले, परंतु तपासाच्या कामात अडथळा येईल या हरकतीपुढे पुढच्या टप्प्यावर ती कलमे गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत झडतीविषयीची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली, आणि तरीही अखेरीस ती फेटाळली गेली. १९६२ साली खरकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी येऊन दार ठोठावणे बेकायदा ठरविले, पण खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क संविधानात नाही असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र आपल्या भिन्नमतपत्रात तो मानला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरविला, तेव्हा ते अल्पमत पंचावन्न वर्षांनी निर्णय झाले; आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच निकालाचा आधार घेऊन एका प्रकरणातील दूरध्वनी चोरून ऐकण्याचे सरकारी हुकूम रद्द केले.

ही प्रगती मोठी आहे. तथापि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याची मुख्य भिस्त व्यक्तीच्या संमतीवर आहे, आणि सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेस त्यातून सूट देण्याची मोकळीक त्याच कायद्याने ठेवली आहे. सरकारला मिळालेल्या या सवलतीवर न्यायालयात भांडता येईल. परंतु संमतीचा दोष त्याहून खोल आहे. खातेदाराने आपल्या खात्यावरील जमिनीचा सौदा करावा तशी ही संमती नाही; मी ‘मान्य’ या बटणावर बोट ठेवतो तेव्हा मी पुष्कळदा दुसऱ्याच्या हिश्शाचाही सौदा करून मोकळा होतो, आणि त्या दुसऱ्याला नोटीसही मिळत नाही.

मग उपाय काय? सर्वांच्या तोंडी असलेला उपाय व्हीपीएनचा. त्याने आपली सारी रहदारी एका कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाते. संकेतस्थळाला आपला पत्ता न दिसता त्या कंपनीचा दिसतो, आणि घरच्या इंटरनेट कंपनीला आपण कोठे गेलो ते कळत नाही. पण जे घरच्या कंपनीला कळत होते ते आता व्हीपीएनवाल्याला कळते. विश्वास नाहीसा न होता एका दारातून दुसऱ्या दारात गेला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशाने अशा कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे राखून ठेवणे बंधनकारक केले, आणि त्यावर काही नामांकित कंपन्यांनी आपले भारतातील सर्व्हर काढून घेतले.

टॉरची रचना याहून विचारपूर्वक केलेली आहे. तिचे मूळ अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत १९९० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या कामात आहे. वाचकाची मागणी कूटबद्धतेचे तीन थर चढवून एकामागून एक तीन संगणकांतून नेली जाते. पहिला वाचकाचा पत्ता जाणतो, पण तो कोठे चालला हे जाणत नाही; तिसरा मुक्काम जाणतो, पण वाचक कोण हे जाणत नाही; मधल्याला दोन्ही टोके अज्ञात असतात. जुळवणीसाठी जी संपूर्ण वही लागते ती येथे कोणाही एकाच्या हाती पडत नाही. मर्यादा अर्थात आहेत: त्यातून आपल्याच नावाच्या खात्यात प्रवेश करणारा मनुष्य निनावी राहत नाही, संकेतस्थळ कूटबद्ध नसेल तर तिसरा संगणक मजकूर वाचू शकतो, आणि दोन्ही टोकांवर एकाच वेळी पाळत ठेवण्याइतके बळ ज्याच्याजवळ आहे त्याच्यापुढे ही तटबंदी पुरी पडेलच असे नाही.

पण टॉरच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट यंत्राची नाही. केवळ नौदलाच्या माणसांनी ते वापरले असते, तर त्यातून बाहेर पडणारी प्रत्येक मागणी नौदलाची आहे हे जगाला उघड झाले असते. स्वतःच्या हेरांना लपवण्यासाठी त्या बलाढ्य सरकारला ते यंत्र पत्रकारांना, विद्यार्थ्यांना, परक्या देशांतील असंतुष्टांना आणि केवळ कुतूहलाने येणाऱ्या सामान्य लोकांना खुले करणे भाग होते. २००२ साली त्याचे जाळे सुरू झाले ते या कारणाने सर्वांसाठी. निनावीपणा एकट्याला मिळत नाही. तो इतरांच्या उपस्थितीने मिळतो.

गुन्हेगारांचेही फावते, ही हरकत मी टाळणार नाही. निनावी खात्यांवरून स्त्रियांना दिला जाणारा त्रास आपण सर्व पाहतो, आणि सिल्क रोड नावाचा अमली पदार्थांचा बाजार टॉरच्या आडच चालत होता. परंतु त्याचा चालक ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सार्वजनिक वाचनालयात पकडला गेला. आणि त्याच्यापर्यंत नेणारा एक महत्त्वाचा धागा म्हणजे त्याने आरंभीच्या दिवसांत स्वतःच्या नावाच्या ई-मेल पत्त्यासह टाकलेला जुना मजकूर होता. तपासाचे रस्ते बंद होत नाहीत. एकेका संशयितामागे हुकूम घेऊन, मेहनत करून जावे लागते, आणि ते तसेच असावे. शिवाय आज पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना लुबाडणारा भामटा फोनवर त्यांच्या बँकेचे नाव, पत्ता, मुलाचे गाव धडाधड सांगतो. त्याचे हत्यार त्याच्या निनावीपणापेक्षा त्या वृद्धांच्या उघड्या पडलेल्या माहितीत अधिक आहे.

आणि निनावीपणाने आपल्या भाषेवर केलेले उपकार आपण कसे विसरावे? गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने स्वजनांचे दोष दाखवीत होते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा सुशिक्षित अविवाहित स्त्रियांचे मन इतक्या उघडपणे मांडणारी ‘विभावरी शिरूरकर’ कोण याचा महाराष्ट्रभर शोध चालला. ते नाव बुरख्यासारखे पांघरले नसते तर मालतीबाई बेडेकरांना ते पुस्तक लिहून त्याच समाजात मान वर करून वावरणे किती अवघड झाले असते, याची कल्पना त्या काळची वर्तमानपत्रे वाचणारास सहज यावी. आजची विभावरी कदाचित लिहिणार नाही. ती नुसती शोधील, वाचील, विचारील, आणि तेवढ्यासाठीही तिला नाव न सांगण्याची मुभा हवी असेल.

निनावीपणा इतरांच्या उपस्थितीने मिळतो हे तत्त्व लोकशाहीने एका ठिकाणी पूर्वीच मान्य केले आहे. मत गुप्त असते; पण एका लहान वस्तीच्या केंद्रावर दीडशे मते पडली आणि त्यांची मोजणी वेगळी जाहीर झाली, तर कोणी कोणाला मत दिले हे न कळताही ती सबंध वस्ती कोणाच्या बाजूची हे निवडून आलेल्याला कळते, आणि मग तिच्या नळाचे, रस्त्याचे काय होते ते सांगावयास नको. म्हणून मतपत्रिकांच्या काळी अनेक केंद्रांच्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद नियमांत होती. मतदानयंत्रे आल्यावर केंद्रनिहाय आकडे उघडे पडू लागले, आणि अनेक यंत्रांची बेरीज एकत्र काढणारे साधन वापरावे अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली, ती अद्याप अमलात आलेली नाही. प्रत्येकाच्या मताची गुप्तता शेजारच्या केंद्रातील मतांच्या सरमिसळीवर अवलंबून असते, हे आपल्या नियमकर्त्यांना इंटरनेटच्या कितीतरी आधी उमगले होते.

यातून नागरिकाचे कर्तव्य सरळ निघते. परक्या कुकी रोखणारा ब्राउझर वापरावा. बँकेचे काम आणि इतर वाचन एकाच ब्राउझरमध्ये मिसळू नये. मागितल्याखेरीज क्रमांकांची यादी, ठावठिकाणा किंवा छायाचित्रे कोणत्याही ॲपच्या हवाली करू नयेत, आणि मागितली तरी कशासाठी हे विचारावे. आजार, कायदा, धर्म, राजकारण यांविषयी शोध घेताना अधूनमधून टॉरमार्गे जावे. वाचनालये व महाविद्यालये यांनी आपल्या संगणकांवर ही सोय ठेवावी आणि वाचकांच्या नोंदी काम संपताच नष्ट कराव्यात, अशी मागणीही आपण केली पाहिजे.

‘मला लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारे सज्जन या सभागृहातही असतील, आणि त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझी विनंती त्यांनाच आहे. ज्यांना खरोखर काही लपवावयाचे आहे, म्हणजे मारझोडीच्या घरातून सुटू पाहणारी बाई, वरिष्ठांचा गैरव्यवहार उघड करू पाहणारा कारकून, घरच्यांना सांगता येणार नाही अशा दुखण्याची माहिती शोधणारा मुलगा, ते थोडे आहेत. आणि तेवढेच जर निनावीपणाचा मार्ग धरतील तर त्या मार्गावर दिसणे हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरेल. त्या मार्गावर निष्कारण, नियमितपणे आणि मोठ्या संख्येने चालावयाचे काम ज्यांना लपवण्यासारखे काही नाही त्यांचेच आहे, कारण त्यांना तेथे पाहून कोणालाही काही अनुमान काढता येणार नाही.